एस्किलच्या पडद्यावरचे चेहरे

आमच्या सॅनबेक गावात टीव्हीचं चित्र बिघडलं की लोक दुकानाकडे धावत नसत, एस्किल ब्रँडबोर्गला हाक मारत. गावाचं स्वतःचं अँटेना मंडळ आहे. डेअरीमागच्या टेकाडावर मंडळाचा खांब, तिथून जमिनीखालून घरोघरी गेलेली तार, आणि या सगळ्याची देखभाल एकतीस वर्षं एस्किलकडे. हत्यारांच्या पेटीबरोबर तो एक हातआरसा आणायचा. आरसा समोरच्या खुर्चीवर टेकवायचा, स्वतः टीव्हीच्या मागं वाकायचा आणि स्क्रू फिरवता फिरवता आरशात चित्र बघायचा. "आता बरं दिसतंय का?" असं घरच्यांना त्यानं कधी विचारलं नाही. त्याला विचारावं लागत नसे.

मी इथल्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. कुठल्या मुलाला फळ्यावरचं दिसत नाही, हे मला त्याच्या आईच्या आधी कळायचं. त्यामुळे पुढे जे झालं ते मला आजही टोचतं.

एस्किलची बायको गुद्रुन पक्षाघाताचा झटका आल्यापासून नॉरहोल्मच्या वृद्धाश्रमात आहे, बावीस किलोमीटरवर. तिची वाचा गेली. दुपारचं जेवण ती फक्त एस्किलच्या हातून घेते. म्हणून तो रोज साडेअकराला गाडी काढतो. मूलबाळ नाही. बस दिवसातून दोनदा, तीही अशा वेळांना की पोचायचं आणि लगेच परत फिरायचं.

त्या ऑक्टोबरात त्याचा जुना टीव्ही जळाला आणि त्यानं नवा, सपाट पडद्याचा, खिडकीएवढा टीव्ही आणला. पहिल्याच संध्याकाळी बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा त्याला पुसट दिसला. नाकाडोळ्यांच्या जागी मेण वितळल्यासारखं काहीतरी. त्यानं चष्मा पुसला. खुर्ची मागं नेली, पुढं नेली. चेहरा तसाच. हे त्यानं मला नंतर सांगितलं.

टीव्हीत दोष असेल हे त्याच्या मनात क्षणभरही आलं नाही. तार त्यानं स्वतः जोडली होती. त्याच्या मनात आले ते त्याचे वडील. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना आधी चेहरे दिसेनासे झाले, फक्त चेहरे. कडेचं सगळं दिसायचं. दोन वर्षांनी ते भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात यायला लागले. एस्किल आता एकाहत्तर वर्षांचा होता. डॉक्टरकडे जावं तर डॉक्टर आधी गाडीचा परवाना काढून घेणार, आणि मग गुद्रुनला कोण भरवणार?

एकच वाट त्याला सुचली. इतरांना ते चित्र कसं दिसतं ते बघायचं, पण आपल्याला कसं दिसतं ते कळू द्यायचं नाही. रविवारी तीन वाजता त्यानं शेजारच्या पाउलला आणि मला कॉफीला बोलावलं. टेबलावर बन, चीज आणि सफरचंदाचा केक होता. टीव्ही मात्र त्यानं चालूच ठेवला. पाहुणे आले की टीव्ही बंद करायची आमच्याकडची रीत, आणि ती एस्किल मोडत होता. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"काय पाउल, कसं आहे चित्र?" त्यानं कॉफी ओतता ओतता विचारलं.

"वाईट नाही," पाउल म्हणाला. आमच्या भागात याहून मोठी स्तुती कुणी करत नाही. "पण केवढा हा! माझ्या गोठ्याचं दार एवढं नव्हतं रे."

"चेहरे नीट दिसतात ना?"

"दिसतात की. हा मंत्री तर जरा कमी दिसला तरी माझी काही तक्रार नाही." पाउल स्वतःच्याच विनोदावर हसला आणि त्यानं तिसरा बन उचलला.

"आणि तुम्हाला, बाई?"

मी पडद्याकडे पाहिलं. चित्र भयंकर होतं. ओल्या काचेतून बघावं तसं, आणि रंग तर मुलांच्या रंगपेटीतले. पण दुसऱ्याच्या घरातल्या नव्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, हे आम्हा सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. त्यातून हे एस्किलचं घर! त्याला चित्राबद्दल सांगणं म्हणजे पाद्रीबुवांना प्रार्थना चुकल्याचं सांगण्यासारखं.

"छान आहे," मी म्हणाले. "रंग अगदी उठून दिसतात."

त्यानं कप खाली ठेवला. पुढे चित्राबद्दल काही विचारलं नाही. मला वाटलं, स्तुती ऐकून समाधान झालं त्याचं.

सोमवारी तो तीसच्या वेगानं नॉरहोल्मला गेला. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा वाजवून गाव जागं केलं. मंगळवारी टपालवाली सायकलवरून खूप लांबून येत होती, तरी त्यानं गाडी खाडकन थांबवली आणि ती जाईपर्यंत रस्त्यातच उभी ठेवली. बुधवारी त्यानं गाडी शेडमध्ये लावून दाराला कुलूप घातलं.

शुक्रवारी सकाळी वृद्धाश्रमातून मला फोन आला. त्यांच्या यादीत एस्किलनंतर माझा नंबर आहे.

"बाई, एस्किल आजारी आहेत का? दोन दिवस आले नाहीत. फोनवर नुसतं 'येतो' म्हणतात. गुद्रुनताई घास घेत नाहीत हो. दाराकडे बघत बसतात."

मी कोट चढवला आणि तडक त्याच्याकडे गेले. तो दार उघडायला आला तेव्हा त्याचा एक हात भिंतीवर होता.

"एस्किल, गुद्रुन जेवत नाहीये."

"माहीत आहे."

"मग इथं काय करतोयस?"

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मी कुणालातरी गाडीखाली घेईन, बाई. मला चेहरे दिसत नाहीत. बापासारखं झालंय मला."

"कुणाचे चेहरे? माझा दिसतोय?"

"तुमचा दिसतो. अजून तरी." त्यानं टीव्हीकडे बोट केलं. "तिथले जातायत आधी. पाउलला सगळं दिसतं. तुम्हाला दिसतं. रंग उठून दिसतात म्हणालात."

या माणसाला पाच दिवस अंधारात बसवलं होतं ते आम्ही दोघांनी, केक खात खात.

"एस्किल, मी खोटं बोलले," मी म्हणाले. "ते चित्र घाणेरडं आहे. पहिल्या मिनिटापासून घाणेरडं दिसत होतं मला."

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

"तुला बरं वाटावं म्हणून तेव्हा बोलले. आता खरं बोलतेय. टीव्हीची पुस्तिका कुठाय?"

"पुस्तिका?" त्या अवस्थेतही तो दुखावला. "मी कधी पुस्तिका वाचलीये?"

ती खोक्यातच होती, प्लास्टिकच्या पिशवीत, न फोडलेली. मी खुर्ची ओढली आणि वर्गात शुद्धलेखन घालायचे तशी एकेक ओळ सावकाश वाचायला लागले. सहाव्या पानावर तो म्हणाला, "थांबा. परत वाचा."

नव्या टीव्हीच्या पोटातच सिग्नल घेण्याची सोय होती. एस्किलनं मात्र जुन्या टीव्हीसाठी घेतलेली सिग्नलची डबी आणि तिची रुंद टोकाची जुनी केबल मध्ये तशीच ठेवली होती. चालणारी वस्तू काढून टाकायची कशाला? त्या केबलमधून जुन्या, छोट्या पडद्यापुरतंच चित्र येत होतं आणि नवा टीव्ही ते ताणून खिडकीएवढं करत होता. शिवाय दुकानात गिऱ्हाईक खेचायला लावतात तो भडक रंगांचा मोड तसाच राहिला होता.

त्यानं डबी काढली, भिंतीतली तार थेट टीव्हीला जोडली. मी वाचत गेले तसे त्यानं सगळे चॅनल नव्यानं शोधून घेतले, रंग उतरवले, चित्राला लावलेली जादा धार कमी केली. मग टीव्हीमागूनच त्याचा आवाज आला, "आता? आता कसं दिसतंय, बाई?"

"बाहेर ये आणि स्वतः बघ."

पडद्यावर एक म्हातारा कोळी नावेच्या डोलकाठीला टेकून जाळं दुरुस्त करत होता. त्याच्या दाढीचा एकेक केस मोजता आला असता. एस्किल उभ्या उभ्या बघत राहिला. तो हसेल असं मला वाटलं होतं. त्यानं डावा डोळा झाकला, उघडला. मग उजवा झाकला, आणि तसाच थांबला.

"काय झालं?"

"उजव्यानं सगळं दिसतं," तो हळू म्हणाला. "डाव्यानं डोलकाठी मध्येच वाकतेय."

मी माझा एक डोळा झाकला, मग दुसरा. डोलकाठी दोन्ही वेळा सरळ होती. या वेळी मी तसं सांगितलं.

तो खाली बसला. मीही बसले. मग मी उठून दोन फोन केले. एक पाउलला, मला ताबडतोब नॉरहोल्मला सोड म्हणून. एस्किल, डोळ्याचं काय ते कळेपर्यंत तिच्यासमोर जाणार नाही म्हणाला, म्हणून त्या दुपारी आणि पुढचे तीन दिवस मीच गुद्रुनला भरवायचा प्रयत्न केला; पहिल्या दुपारी तिनं तीन घास घेतले. दुसरा फोन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना.

त्यांनी सोमवारी एस्किलला तपासलं. डाव्या डोळ्यात सुरुवात होती, वडिलांच्याच आजाराची. लवकर आलात, डोळ्यात इंजेक्शनं दिली तर बहुतेक रोखता येईल, म्हणाल्या. उजवा चांगला होता. दिवसाउजेडी गाडी चालवायला हरकत नाही, पण दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि उजव्यात काही दिसलं तर परवाना त्याच दिवशी जमा.

"त्याच दिवशी?" एस्किलनं विचारलं.

"त्याच दिवशी."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्यानं शेडचं कुलूप काढलं. मी शेजारी बसले. खरं सांगते, मी घाबरले होते. दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. तो वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होता. गावांची नावं, अंतरं, अंडी विकणाऱ्या शेतकऱ्याचा फळा. मीही मनात वाचत होते आणि प्रत्येक वेळी तो माझ्या आधी वाचतोय ना, हे तपासत होते.

वृद्धाश्रमाच्या आवारात गाडी लावून उतरताच त्यानं वर हात केला. मला खिडक्यांच्या काचांत आभाळाच्या प्रतिबिंबाखेरीज काही दिसेना. पण या वेळी मी गप्प बसले नाही.

"एस्किल, कुणाला हात करतोयस? मला कुणी दिसत नाही."

"दुसरी खिडकी, खालून." तो चालायला लागला होता. "निळा स्वेटर. तुम्ही चष्मा बदला, बाई."

मी आणखी दहा पावलं पुढं गेले, तेव्हा मला खिडकीत गुद्रुन दिसली.

पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे. त्यानं ती तारीख डायरीत लिहिली नाही, म्हणून मी माझ्या डायरीत लिहिली आहे. त्याला घेऊन मीच जाणार.