जानेफळच्या पुढे, दोन मुक्या मोडेमांसाठी

"यंत्र उत्तम आहे, पंपावरचा माणूसच बटणं दाबत बसतो," असं आमचे साहेब गावच्या ग्रामपंचायतीला फोनवर पुन्हा एकदा म्हणाले, तेव्हा मी रागानंच बॅग भरली.

जानेफळच्या पुढच्या एका गावात आमच्या कंपनीनं मोडेम बसवलेत. खाली पंपघर, टेकडीवर पाण्याची टाकी, आणि मध्ये फक्त याच कामासाठी टाकलेली तार. टाकीत किती पाणी आहे ते टाकीवरच्या मोडेमनं त्या तारेवरून पंपघरातल्या मोडेमला कळवायचं. उन्हाळाभर कळलंच नाही. पंप अंदाजानं चालला आणि वरच्या वस्तीचे नळ कोरडे राहिले.

संभाजीनगरहून जायचं तर मेहकरची सकाळची एसटी धरा, जागा मिळते. मेहकरला स्टँडबाहेर शेवभाजी-भाकर खाल्ली. रस्सा असा जाळ की डोक्यातल्या रागाला सोबत झाली. पुढे जानेफळची काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे घाईत असाल तर बसच बघा.

पंपघरात शालिकभाऊ भेटले. पंप तेच चालवतात. मी बसायच्या आतच म्हणाले, "मॅडम, मी त्या डब्ब्याले हातबी लावला नाही. पन वस्ती म्हंते, शालिक पानी आपल्या वावरात फिरवते. माह्या पोरीच्या साखरपुड्याले तिकडून एक मानूस आला नाही."

तार तपासली, ठणठणीत. मग लॅपटॉप जोडून मोडेमची सेटिंग्ज उघडली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अशा कायमच्या तारेवर नंबर फिरवायचा नसतो. म्हणून एका मोडेमला 'तू हाक मार' आणि दुसऱ्याला 'तू ओ दे' असं आधीच सांगून ठेवावं लागतं. आमच्या कार्यालयानं कष्ट वाचवायला एकाचीच सेटिंग्ज दुसऱ्यात उतरवली होती. दोघेही ओ द्यायला बसलेले, रुसलेल्या व्याह्यांसारखे!

पंपघरातल्या मोडेमला हाक मारायला लावलं. थोड्या वेळात हिरवा दिवा लागला, पडद्यावर टाकीची पातळी आली.

"बोलून राह्यले!" शालिकभाऊ हसले. मग म्हणाले, "एवढंच होतं, तं मले काऊन चोर केलं?"

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "अहवालात 'लाइन दुरुस्त केली' एवढंच टाक."

मी तसं टाकलं नाही. चूक आमच्या कार्यालयाची, असं स्पष्ट लिहिलं आणि एक प्रत ग्रामपंचायतीला दिली. साहेब अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. न बोलोत.

घरी येऊन आठवडा झाला तरी संताप उतरलेला नाही. एका माणसाचं नाव गावभर खराब करायला आमच्या लोकांना फोनवरचं एक वाक्य पुरलं. न राहवून काल शालिकभाऊंना फोन केला.

"पानी वरपर्यंत चढते आता," ते म्हणाले. "तुमचा कागदबी पंचायतीत वाचला."

"मग वस्तीतलं कोणी आलं का? आमच्या साहेबांचा तरी फोन?"

"नाही बा," ते म्हणाले. "कोनीच नाही."