पेजेतलं मीठ

माझे यजमान मिरजोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते आणि गणपतीत जाखडी नाचाचे शाहीर. समोरच्या पार्टीने गाण्यातून सवाल टाकला की उभ्या उभ्या जबाब रचायचा, ही त्यांची हौस. आता ते नाहीत. मला आठवतो तो अर्धांगाच्या झटक्यानंतरचा श्रावण.

झटक्याने उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं, उरला एकच शब्द. पाणी हवं असलं तरी "नको", नको असलं तरी "नको". त्यांना शांतता हवी म्हणून जाखडीच्या मंडळाने आमच्या पडवीतली तालीम वाडीच्या पलीकडे नेली. मीही रेडिओ बंद ठेवला. घर इतकं गप्प झालं की त्यांच्या श्वासाकडेच कान लागलेला असायचा.

डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडाला धरून मला समजावलं. बोलणं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, तिथेच इजा झाली होती. सुरांचं काम मात्र उजवीकडेही चालतं. "गाऊ द्या त्यांना. अडले तर शब्द पुरवू नका, शोधू द्या."

मी ढोलकीवाल्या भावोजींना निरोप धाडला. तालीम पडवीत परत आली. पहिल्याच संध्याकाळी यजमानांनी गणपतीच्या नमनाचा जुना गण न अडखळता गायला. सगळ्यांचे डोळे भरले. मला मात्र धास्तीच वाटली. पाठ असलेलं येणारच, असं डॉक्टर म्हणाले होते. नवी ओळ सुचणारा माणूस आत उरला होता का, ते मला कळायला हवं होतं.

भावोजींनाही तेच हवं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी थेट सवाल टाकला:

"सभा सोडुनी शाहीर आमचा कुठे बरं हो गेला?"

जाखडीत जबाब सुचेपर्यंत मागे साथ धरणारे झीलकरी ध्रुपद सोडत नाहीत. ते म्हणत राहिले. यजमानांचे ओठ हलले, थांबले. कपाळावर घाम आला. ध्रुपद फिरून आलं, पुन्हा आलं. झांजवाल्याचा हात जड झालेला दिसत होता. साधासा शब्द माझ्या जिभेवर होता. मी पुढे झाले तसे भावोजी ढोलकी न थांबवता म्हणाले, "वयनी, सांगू नका. शाहीर तुम्ही नाय."

मी खांबाला धरून उभी राहिले. यजमानांनी डाव्या हाताने मांडीवर ताल धरला. माझ्याकडे पाहिलं. मग एकेक शब्द ओढून काढावा तसं गायले:

"पेजेमधलं… मीठ हरवलं… शोधायाला गेला."

रक्तदाबामुळे मी पेज अळणी देत होते. तक्रार करायला त्यांना इतके दिवस तोंड नव्हतं.

झीलकऱ्यांनी ती ओळ उचलली, हसत हसतच. मी आत गेले. चूल विझलेली होती, तरी फुंकर घालत बसले. बाहेर यजमान तीच ओळ बदलून गात होते, आणि या वेळी मीठ माझ्या माहेरच्यांनी नेलं होतं.