फैसलची पहिली रायफल

सकाळपासून दम्माममध्ये धुळीचा वारा सुटलाय. आकाश मसूरडाळीच्या रंगाचं झालंय, समोरची मशीद दिसत नाही, आणि दुकानात चिटपाखरू नाही. आमचं दुकान शिकारीच्या सामानाचं. अशा दिवशी मी फडकं घेऊन बसतो. एक फळी पुसून पुढे सरकावं, तर मागच्या फळीवर पुन्हा धूळ. किश्श्यांचंही असंच. एक पुसला, म्हणजे सांगून टाकला, की दुसरा येऊन बसतो. यंदाचे सगळे मात्र एकाच रायफलीचे आहेत.

आमचे कफील, म्हणजे दुकानाचे मालक आणि माझ्या व्हिसाचे जामीनदार, अबू माजिद. इथे हरणाची शिकार बंद, म्हणून हिवाळ्यात रीतसर परवाने काढून ते परदेशी जातात. यंदा नातवाला, फैसलला, पहिल्यांदा नेणार होते. पोरगं तेरा वर्षांचं, अंगानं काडी. मागच्या खेपेला त्याचा थोरला चुलतभाऊ गेला होता. मोठ्या रायफलीचा धक्का खांद्याला बसला, सगळ्यांसमोर रडला, आणि आता बंदुकीचं नाव काढत नाही. फैसलला त्याचीच धास्ती.

अबू माजिदनी भिंतीवरची सगळ्यांत जाडी रायफल काढली. "मी हिच्यावरच शिकलो. घे."

फैसलनं घेतली. नळी हळूहळू खाली आली आणि माझ्या चपलेवर टेकली. मी ती उचलायला वाकलो, तसा तो ड्रायव्हरकडून शिकलेल्या हिंदीत कुजबुजला, "चाचा, दूसरी दिखाओ. पर छोटी मत बोलना, हल्की बोलना."

*

माप घ्यायची रीत सोपी. रायफल उघडून रिकामी असल्याचं दाखवायचं, मग दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, कोपराच्या खोबणीत टेकवायचा. बोट नीट चापापर्यंत पोचलं, तर ती त्या अंगाची. फैसलचं बोट बरंच अलीकडे राहिलं.

"हात वाढेल, हसन," अबू माजिद मला म्हणाले.

"वाढेल की, शेख. पण हरीण तोवर थांबेल का?"

आमचे शेजारी कुलकर्णीसाहेब तिथेच बसले होते. नाशिकचे, तेलाच्या कामावर इंजिनिअर, सुट्टीला आमच्याकडे गप्पांना येतात. ते म्हणाले, "आई मला शाळेचा शर्ट असाच घ्यायची, वाढत्या अंगाचा. शाळा सुटली तरी बाह्या दुमडलेल्याच."

मी ते अरबीत सांगितलं. अबू माजिदनी गंभीरपणे विचारलं, "मग त्या शर्टात साहेबांनी शिकार केली का?"

*

आमच्या दुकानाचा नियम आहे, आधी कहवा, म्हणजे अरबी कॉफी, मग बंदूक. पुरे झालं की रिकामा पेला जरा हलवायचा. नाही हलवला, तर ओतणारा ओततच राहतो. कुलकर्णीसाहेबांना वाटलं, नको म्हणणं बरं दिसत नाही. पीत राहिले बिचारे.

मग फैसलसाठी मी काढलेली हलकी रायफल त्यांनी हातात घेतली, दुर्बिणीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पाहिली आणि म्हणाले, "चाचा, हिची दुर्बीण सैल आहे. टाकी नाचतेय."

"टाकी जागेवर आहे साहेब. पेला हलवायचा राहिला, म्हणून आता हात हलतायत."

*

जाडी की हलकी, ते मिटेना. शेवटी ठरलं, दोन्ही घेऊन नेमबाजी क्लबच्या रेंजवर जायचं. तोवर फैसलचा हात स्थिर व्हायला हवा. मी त्याला रिकाम्या रायफलीच्या नळीवर खजूर ठेवायला शिकवलं. खजूर न पाडता चाप ओढायचा. पडला, तर खाऊन टाकायचा.

पहिल्या दिवशी पोराचं पोट भरलं. घरी जेवलाच नाही, म्हणून आईचा फोन आला. आठवडा सरता सरता तक्रार करायला लागला, "चाचा, भूक लगी है."

मला जरा बरं वाटलं.

*

रेंजवर अबू माजिद म्हणाले, "आधी मी दाखवतो." जाडी रायफल खांद्याला लावली, डोळा दुर्बिणीला अगदी चिकटवला. धडाम! टोपी एकीकडे, शेख दुसरीकडे, आणि भुवईवर दुर्बिणीच्या कडेचा लाल गोल.

कोणी हसलं नाही. हसायची सोय नव्हती.

मग फैसलनं हलकी घेतली. नळीवर खजूर ठेवल्यासारखी धरली. समोरचा डबा उडाला. त्यानं आधी खांदा चाचपून पाहिला, मग आजोबांकडे बघून म्हणाला, "परत मारू?"

"यल्ला, मार," आजोबा म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी अबू माजिद दुकानात आले ते भुवईला पट्टी लावून. कोणी विचारलं नसताना म्हणाले, "ससाण्यानं चोच मारली."

कहवा झाला. ते उठले, फैसलला घेतली तसलीच हलकी रायफल भिंतीवरून काढली, उघडून पाहिली आणि दस्ता स्वतःच्या कोपरात टेकवला.

"हसन, हिच्यात मोठं माप येतं का? मला नको. एक मित्र आहे. नवशिका आहे."

मी खालमानेनं मापपट्टी शोधायला लागलो. कुलकर्णीसाहेबांनी आपला पेला नीट हलवला, खाली ठेवला आणि मला मराठीत म्हणाले, "चाचा, त्या मित्राला आधी खजूर द्या."