गाव नाही, गावकरी हजर

ऑफिसात शिरल्या शिरल्या ताई पर्स खुर्चीला अडकवायच्या, बोटं कडाकडा मोडायच्या आणि माऊस धरून म्हणायच्या, "थांबा राव. आधी गाव पाण्यातनं काढू, मग चहा."

नवा माणूस दचकायचा. मीही दचकलो होतो. पिंपळवंडीहून पहिल्या दिवशी नारायणगावात कामावर आलो, तर पन्नाशी ओलांडलेली एक बाई पडद्यावरच्या धरणातून लाल ठिपका ओढत डोंगरावर नेत होती आणि तोंडानं "चल, चल, वर चल" म्हणत होती. डबक्यात बसलेली म्हैस उठवावी तसं.

आमचं काम सांगायला सोपं. प्रत्येक खात्याचा नकाशा त्या खात्याच्या संगणकावर. ते सगळे इंटरनेटवरून आपोआप यावेत, एकमेकांवर नीट बसावेत आणि जुन्नर-आंबेगावचा एकच ऑनलाइन नकाशा व्हावा, एवढंच. पण नीट बसतील तर ते नकाशे कसले! एकातला रस्ता दुसऱ्यातल्या विहिरीतून जायचा. विजेचे खांब नदीत उभे. ताई म्हणायच्या, "समद्या जावा हायेत ह्या, भाऊ. एका चुलीव नांदायच्या न्हाईत."

मानपान तर विचारू नका. एका मीटिंगमधून एक साहेब चहा न घेताच रुसून गेले. त्यांचा हिरवा रंग कुणाच्या तरी निळ्याखाली गेला होता. ताईंनी फोन करून समजूत काढली, "सायेब, तुमचाच रंग वर ठिवलाय. फकस्त दिसत न्हाई." साहेब खूश झाले. असं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. ते आहे म्हणून बाकीचे पगार घेतात.

त्या लाल ठिपक्याचं प्रकरण असं. डिंभ्याच्या धरणात एक गाव गेलं. माणसं वर डोंगरावर राहायला गेली आणि गावाचं नावही सोबत घेऊन गेली. एका खात्याच्या नकाशात मात्र गाव अजून जुन्याच जागी, आणि धरणाच्या नकाशात तिथं पाणी. उन्हाळ्यात वस्तीनं टँकर मागितला की संगणक दोन्ही नकाशे ताडून उत्तर द्यायचा, "पाणी शून्य मीटरवर उपलब्ध. टँकर नामंजूर." ताईंनी ठिपका वर ओढला की त्या दिवसापुरता टँकर मिळायचा. दुसऱ्या दिवशी त्या खात्याचा नकाशा ताजा होऊन यायचा आणि गाव पुन्हा बुडालेलं असायचं.

म्हणून ताई उन्हाळ्यात रजा घेत नसत. भाचीच्या लग्नादिवशी भरजरी साडीत आल्या, गाव काढलं आणि अक्षता टाकायला पळाल्या.

आम्ही त्या खात्याला कळवून थकलो. उत्तर ठरलेलं, "गाव हलल्याचे गावाने कळविलेले नाही." निवृत्ती जवळ आली तशा ताई घायकुतीला आल्या.

"मी गेल्याव कोण वढणार त्याला वर?"

"मी आहे ना, ताई."

"तुमी? सोताचा डबा इसरता तुमी. एक दिस इसरला, तर तिथल्या बाया हंडं घिऊन धरणाव उतरतील. लई खडी उतरण हाय ती."

शेवटी त्या खात्यानं जागेवर पाहणीला माणूस धाडला. जागा पाण्यात, म्हणून होडी केली. मासे धरणारा एक म्हातारा वल्ही मारत होता. मी, ताई आणि मोबाइल छातीशी धरलेला पाहणीवाला. धरणाच्या मधोमध मोबाइल बोलला, "आपण गावात पोहोचला आहात."

पाहणीवाल्यानं चौफेर नजर फिरवली. "गाव दिसत नाही," असं म्हणत त्यानं तसं टाइप केलं. पुढं गावकऱ्याचा फोटो हवा होता. त्याशिवाय मोबाइल पुढं सरकेना.

"आता इथं गावकरी कुठून आणू?" तो रडकुंडीला आला.

"मी हाय की," ताई म्हणाल्या. "म्हायेर हाय माझं. आपल्या ह्या व्हडीखाली आमची पडवी असंल."

इतकी वर्षं शेजारी बसून हे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

ताई होडीची कड धरून उभ्या राहिल्या. फोटो निघाला. पाहणीवाल्यानं शेरा मारला, "गाव नाही. गावकरी हजर." मग मोबाइलनं विचारलं, "ही जागा कायमची काढायची?" त्यानं मोबाइल ताईंपुढे धरला. त्यांनी हात मागं घेतला.

"लेकीला म्हायेर पुसाया लावता व्हय? तुमीच दाबा." त्यांनी पाण्याकडे तोंड फिरवलं. "पर दाबा. टँकर याया पायजे."

त्यानं दाबलं.

पाण्यातली जुनी जागा पुसली गेली आणि डोंगरावरचा ठिपका तेव्हापासून पक्का झाला. उन्हाळ्यात टँकर बिनबोभाट जातो, कुणाला काही ओढावं लागत नाही. ताई निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत गेल्याही. त्यांच्या खुर्चीवर आता प्रिंटर ठेवलाय. मला ते बघवत नाही, पण ऑफिसात दुसरी जागा नाही.

त्या दिवशी काठावर उतरतानाचं मात्र नजरेसमोरून हलत नाही. होडीवाल्या म्हाताऱ्यानं जाळ्यातले दोन मासे उचलले. "म्हायेरवाशीण रिकाम्या हातानं जाती व्हय?" म्हणाला. ताई माळकरी. त्यांच्या घरात अंडंसुद्धा चालत नसे. म्हाताऱ्याला ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर ताईंनी दोन्ही हातांनी पदर पसरला होता.