गवंड्याची नळी

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कायम पातळीत असलेली एकच गोष्ट मी पाहिली, ती म्हणजे आमच्या कॅथलॅबमधले भाऊ. हे मी आजवर अनेकांना हसत हसत सांगितलं आहे. पण त्या खोलीतून भाऊंना जावं लागलं ते माझ्यामुळे, हे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज लिहून टाकतो, कारण तोंडानं सांगायला बसलो की मी नेहमी ऐन वेळी वर्ध्याच्या उन्हाचा विषय काढतो.

भाऊ आमचे थोरले टेक्निशियन, मी त्यांच्या हाताखाली. कॅथलॅब म्हणजे पेशंटच्या हृदयापर्यंत बारीक नळी सारून तपासणी करायची खोली. आतला रक्ताचा दाब त्या नळीतल्या सलाइनमधून बाहेर काडेपेटीएवढ्या ट्रान्सड्यूसरपर्यंत येतो आणि तिथून पडद्यावर लाट होऊन चालायला लागतो. ही डबी पेशंटच्या हृदयाच्या बरोबर पातळीत हवी. खाली राहिली तर आकडा फुगतो, वर गेली तर उतरतो. पातळी साधायची, डबी क्षणभर हवेला उघडायची, पडद्यावर शून्य आणायचं आणि मग बंद करायची. याला आम्ही झिरो घेणं म्हणतो. दुसऱ्या कुणालाही यासाठी दोन मिनिटं पुरतात. भाऊंना सात लागत, कारण त्यांचे वडील पुलगावात गवंडी होते. गवंडी भिंतीची पातळी पाहायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. वडिलांची ती नळी भाऊंकडे आली होती. कंपनीनं दिलेला, पातळी दाखवणारा लाल उजेडाचा दिवा कपाटात पडून असे आणि भाऊ नळीत नीळ घातलेलं पाणी भरून एक टोक पेशंटच्या छातीशी, दुसरं डबीशी धरून एक डोळा मिटून उभे राहत. "दिव्याचा सेल उतरते राज्या," ते मला म्हणत, "पाण्याचं काय उतरते?"

दोन्ही टोकांना बुचं लावलेली नळी गुंडाळी करून त्यांच्या पिशवीत असे आणि पिशवी खांद्यावर असे, त्यामुळे जगात कुठंही उतार दिसला की तो ताबडतोब मोजला जाई. माझ्या लग्नात समुद्रपूरला त्यांनी अक्षता पडण्याआधी स्टेजवर चढून आमच्या दोन खुर्च्यांमध्ये नळी धरली. "नवरदेव दोन बोटं वर हाये," त्यांनी माइकवाल्याच्या शेजारी उभं राहून जाहीर केलं आणि पत्रिकेची घडी करून नवरीच्या खुर्चीच्या पायाखाली सारली. माझी बायको आजही भांडणात त्या घडीची आठवण करून देते. पारदर्शक काही दिसलं की भाऊ त्यावर टिचकी मारत. सलाइनच्या नळीवर मारणं कामाचाच भाग, कारण मध्ये हवेचा बुडबुडा राहिला की पडद्यावरची लाट मऊ पडते आणि खोटं दिसतं. पण भाऊ सोड्याच्या बाटलीवर, रसवंतीतल्या ग्लासावर, नातीच्या दुधाच्या बाटलीवरही टिचकी मारत. बुडबुड्याचा त्यांना मनापासून राग. "त्याचं काम काय, तर मधात बसाचं. इकडचं ऐकाचं अन् तिकडे अर्धंच सांगाचं." आणि कुणी बढाई मारली, एकरी कापूस जरा जास्तच पिकवला, तर भाऊ चहाची बशी खाली ठेवून शांतपणे विचारत, "हे झिरो घेऊन सांगून राह्यला का तसंच?"

पुढे आमच्याकडे नवे डॉक्टर आले. हुशार, उंच, घाईचे. पहिल्याच दिवशी नळी पाहून म्हणाले, "इथं काय मजला चढवायचा आहे का?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. भाऊही हसले, पण आधी झिरो घेऊन झाल्यावर.

मला त्या नळीची लाज वाटायला लागली ती तेव्हापासून. मी कंत्राटावर होतो, कायम व्हायचं होतं, मुलगी तीन महिन्यांची होती. नव्या साहेबांनी आपल्याला गवंड्याच्या टोळीतला समजू नये, एवढंच डोक्यात. एका सकाळी मी भाऊंच्या पिशवीतून नळी काढली आणि माझ्या कप्प्यात टाकून कुलूप लावलं.

"नळी कुठं गेली बे?" भाऊंनी विचारलं.

"दिसली नाही, भाऊ."

"बरं. आज डोळ्यानंच घे. पण टेबल हाललं तर परत घेजो."

टेबलावर समुद्रपूरकडची एक बाई होती. हृदयाची झडप अरुंद झालेली, ती आतून फुगा फुगवून रुंद करायची होती. मी डबीचा स्टँड लावला, झिरो घेतला. मध्येच साहेबांनी कंबरेला त्रास होतो म्हणून टेबल चांगलं वीतभर वर घेतलं. आमचा स्टँड जमिनीवरचा, तो जागच्या जागी राहिला. मी तो हलवला नाही. साहेबांना थांबा म्हणायची लाज वाटली. फुगा फुगवून झाला तरी पडद्यावर आतला दाब पंचवीसच. साहेब म्हणाले, झडप अजून उघडली नाही, फुगा आणखी मोठा करतो. तेवढ्यात काचेपलीकडून भाऊ आत आले. "थांबा सर. बाई आडवी पडून आरामात श्वास घेऊन राह्यली अन् आकडा पंचवीस? एवढा दाब असता तं तिले धाप लागली असती." त्यांनी स्टँड वीतभर उचलला, डबी हवेला उघडली, झिरो घेतला. आकडा दहावर आला. झडप केव्हाच उघडली होती. फुगा आणखी फुगवला असता तर ती फाटली असती.

"स्टँड कोणी लावला होता?" साहेबांनी विचारलं.

मी जमिनीकडे पाहत होतो. त्या फरशीवरचा एक तडा मला अजून जसाच्या तसा आठवतो.

"मी," भाऊ म्हणाले.

बाई चौथ्या दिवशी चालत घरी गेली. भाऊ पुढच्या आठवड्यात ऑक्सिजन सिलिंडरच्या गोदामात गेले. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, ती त्यांनी तिथं सिलिंडर एका रेषेत लावण्यात काढली. बदलीच्या दिवशी कॅन्टीनमध्ये म्हणाले, "तुले काढलं असतं राज्या. मले फक्त हालवलं." मग चहा संपवून, दुसरीकडे पाहत, "नळी भेटली का?"

मी तेव्हाही नाही म्हणालो.

आता त्यांच्या स्टुलावर मी बसतो. लाल उजेडाचा दिवा वापरतो, सेल वेळेवर बदलतो. टेबल हललं की झिरो परत घेतो, साहेबांना थांबवून घेतो. सकाळी खोली शांत असते तेव्हा टिचकीचा आवाज येईल असं वाटत राहतं. कधी मीच मारतो. तसा येत नाही. भाऊंची टिचकी दाराबाहेर ऐकू येई आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वाटे, आत काहीतरी दुरुस्त होतं आहे.

पुलगाव गाडीनं अर्ध्या तासावर. एवढ्या वर्षांत मी गेलो नाही. आमच्या एक सिस्टर रोज तिथून येतात, भाऊंच्या गल्लीतच राहतात. मागच्या महिन्यात त्यांनी निरोप आणला. भाऊंनी विचारलंय, टेबल हाललं की परत घेतो का म्हणावं. आणि सांगितलंय, नळीत पाणी फार दिवस ठेवू नको, आतून बुरशी धरते.

त्या दिवशी मी कप्पा उघडला. निळं पाणी अजून होतं, थोडं आटलेलं. मधोमध एक बुडबुडा बसला होता.

साहेब आता आमचे विभागप्रमुख आहेत आणि रोज मला भेटतात. स्टँड मी लावला होता, हे मला त्यांना सगळ्यांसमोर सांगायचं आहे. आणि नळी धुऊन, पुलगावला जाऊन, भाऊंच्या हातात द्यायची आहे. दोन्ही अजून राहिलं आहे.