शेळ्यांनी खाल्लेलं जंगल

आमच्या शेळ्यांनी जंगल खाल्लं, तेव्हा मला वनखात्यात चिकटून जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

कोपरगावच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या पात्रात एक बेट होतं, मोरांसाठी आणि पाखरांसाठी राखलेलं. बहात्तरच्या दुष्काळात सरपणापायी त्याची पार हजामत झाली. तिथं पुन्हा मूळचीच झाडं उभी करायची, म्हणून साहेबांनी बाभळी-हिवराच्या शेंगांची दोन पोती माझ्या हवाली केली. "जिवापाड जपा. दुसरं बी मिळायचं नाही."

मी पोती घरी नेऊन ठेवली. (कचेरीत उंदीर होते. घरी आई होती, हे ध्यानात आलं नाही.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो तर दोन्ही पोती रिकामी.

"आई, शेंगा कुठायत?"

"शेळ्यांस्नी घातल्या. सरकारनं चारा धाडला, लई बरं झालं."

"चारा न्हवता गं तो. जंगल हुतं."

"मंग? शेळ्या जंगलच खात्यात."

मी मटकन खाली बसलो. सोमवारी पेरणी होती. नोकरी गेली, हे नक्की.

आई म्हणाली, "रडतूस काय? गोठा झाडून घे. शेळीच्या पोटातनं आलेलं बी पटकन उगवतं. माझ्या बानं बांधावर असंच लावलेलं."

चार दिवस आम्ही मायलेक लेंड्या वेचत होतो. सोमवारी साहेबांनी पोत्यात हात घातला आणि बोटं हुंगली.

"हे काय?"

"प्रक्रिया केलेलं बियाणं, साहेब."

त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं. शिवाय शेजाऱ्याच्या बाभळीचं मूठभर बी मी पुस्तकात वाचून, गरम पाण्यात भिजवून, बेटाच्या एका कोपऱ्यात लावलं.

श्रावणात आईला घेऊन होडीनं बेटावर गेलो. काठावर चढलो आणि दोघंही थबकलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर उंचीची रोपं, पिसासारखी पानं, पानापानावर दहिवर. मधूनच एक मोर संथ चालत गेला. आईनं वहाणा काढून हातात घेतल्या. न सांगता मीही काढल्या.

"पाय कुठं ठिवावा रं?" ती हळूच म्हणाली.

रोपं चुकवत, चवड्यांवर आम्ही माझ्या कोपऱ्याकडं निघालो.

माझ्या कोपऱ्यात मात्र काहीच उगवलं नव्हतं. भिजवलं नव्हतं, बहुतेक मी ते शिजवलं होतं.

पुढं नगरला बोलावून साहेबांनी मला तीसेक वनरक्षकांपुढं 'बीजप्रक्रिया' या विषयावर उभं केलं. मी पाऊण तास बोललो, टाळ्याही पडल्या. फक्त 'शेळी' हा शब्द उच्चारायचा धीर काही मला झाला नाही.