आतोबांचा तखमिना

जगातली कुठलीही वस्तू तिच्या सांगितलेल्या किमतीची नसते, असं मानणारा आणि ते मत शेवटपर्यंत न सोडणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही सगळी भावंडं त्यांना आतोबा म्हणत असू. निजामाच्या तामिरात खात्यात, म्हणजे सरकारी बांधकामांच्या खात्यात, त्यांची सारी उमर गेली होती. पूल, चावड्या आणि डाकबंगले यांच्या भिंती ठोकून ठोकून त्यांच्या मधल्या बोटाच्या पेराला घट्टा पडला होता, आणि ती ठोकण्याची सवय पुढं नुसत्या भिंतींवर थांबेना. कलिंगड असो, नवा हंडा असो की लग्नाचा मुलगा असो, आतोबा आधी ठोकून बघत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "ठीक हाय. पण यातून वजा..." एकदा ही वजाबाकी सुरू झाली की समोरच्यानं पान खाऊन यावं. माझ्या सासऱ्यांनी अहमदपूरहून येऊन माझी चौकशी केली ती नेमकी यांच्याकडंच. आतोबा म्हणाले, "मुलगा चांगला हाय. यातून आवाज वजा करा, वर्गात मागच्या बाकापर्यंत जात न्हाई. बापाचा तापटपणा थोडा उतरलाय, तो वजा करा. राहिलं ते घ्या." सासऱ्यांनी त्याच दिवशी सुपारी फोडली. ज्या मुलाचे घरचेच त्याला इतका स्वस्त सांगतात, तिथं फसवणूक व्हायची ती काय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आत्या मात्र या तराजूला मुळीच भ्यायची नाही. ती चार लोकांत हसून सांगायची, "मला बघून गेले तवा आमच्या बापूंना म्हणाले, मुलगी पसंत, उंचीचे दोन बोट वजा. मी अजून तेवढीच हाय, ह्यांचीच कंबर वाकली." आतोबा त्यावर जेवता जेवता नुसती मान हलवत आणि भाकरी बरी झाली आहे एवढंच म्हणत. 'बरी' हा त्यांच्या कोशातला शेवटचा शब्द होता. त्याच्यापुढं कौतुकाचा रस्ता बंद होता.

पेन्शन घेऊन ते नांदेडला राहिले तेव्हा गावातल्या एका पेढीनं त्यांना बरोबर हेरलं. पेढी घरं गहाण ठेवून कर्ज द्यायची, आणि कर्ज द्यायच्या आधी घराचा तखमिना, म्हणजे किमतीचा अंदाज, काढून घ्यायची. शेठजींना कमी अंदाज सांगणारा माणूस हवा होता आणि आतोबांना कमी सांगण्याबद्दल कुणी पैसे देईल हे स्वप्नातही नव्हतं. दोघांचंही भाग्य उजळलं. आतोबांची पद्धत ठरलेली. उन्हाळा असो की पावसाळा, ते काळी शेरवानी चढवत, कारण शेरवानी बघितल्याशिवाय घर खरं बोलत नाही असं त्यांचं मत. मग माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढून पाय आपटायचे, आडाचं पाणी प्यायचं, भिंती ठोकायच्या, आणि सगळ्यात शेवटी त्या घरात दुपारची एक झोप काढायची. हो, झोप. शेरवानीसकट. "डोळे उघडे ठेवून घराचा रंग कळतो. घर कळायचं तर डोळे मिटावे लागतात," असं ते सांगत. नांदेडात किती घरमालकांनी या झोपेच्या वेळी पोरांना गप्प बसवलं असेल आणि माश्या वारल्या असतील, देव जाणे. जागे झाले की आतोबा तोंड धुऊन आकडा सांगत, आणि तो ऐकून घरमालकाची झोप उडे.

आता माझ्यावर हे कसं शेकलं ते सांगतो. मी तेव्हा सरकारी मदरशात, म्हणजे निजामाच्या शाळेत, मास्तर होतो. लढाईचे दिवस होते, धान्याची तंगी होती आणि आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. मालकाच्या मुलाचं लग्न निघालं आणि त्यानं दसऱ्यापर्यंत खोली मागितली. बायकोला दिवस गेलेले. "पाळणा परक्या आढ्याला नगं," एवढं एकच वाक्य ती बोलली, पण ते रोज बोलली. गोदावरीकडं उतरणाऱ्या गल्लीत एक म्हातारी आपलं घर विकून धर्माबादला लेकीकडं जाणार होती. चार खणांचं माळवद, अंगणात कडुनिंब, गोड्या पाण्याचा आड. आमच्याकडं घर खणांत मोजतात, दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. सौदा बाराशे हालीला, म्हणजे निजामी रुपयांना, ठरला. बायकोच्या पाटल्या मोडून मी म्हातारीला इसार दिला. दसऱ्याला बाकीची रक्कम दिली नाही तर इसार बुडाला, हा रिवाज मलाही ठाऊक होता. पण पेढी तखमिन्याचे तीन हिस्से कर्ज देते, चौथा हिस्सा माझ्याकडं आहे, आणि तखमिना करणारा तर आपला आतोबा. मी निर्धास्त होतो. माझ्याइतका खुळा निर्धास्त माणूस त्या साली गोदेच्या दोन्ही तीरांवर नसेल.

आतोबा शेरवानी घालून गेले. म्हातारी पदर ओढून कोपऱ्यात उभी राहिली, विचारलं तेवढ्याला हाव आणि न्हाई म्हणाली. माळवदावर पाय आपटून झाले. तिथं एका कोपऱ्यात गोवऱ्या रचलेल्या होत्या, त्या यांनी ओलांडल्या. पाणी पिऊन झालं, भिंती ठोकून झाल्या, मधल्या खणात मागच्या भिंतीला डोकं लावून झोपही झाली. उठले आणि म्हणाले, "घर ठीक हाय. यातून मागची भिंत वजा. नाहक जाड बांधली, एक खणभर जागा खाऊन बसली. नऊशे."

नऊशे! म्हणजे कर्ज कमी झालं आणि मधला खड्डा माझ्या पगारानं वर्षभरातही बुजणारा नव्हता. मी शाळेतून घरी आलो तो तोंड उतरवून. दिवेलागणीला पाहतो तर दारात आतोबा उभे. आत येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "मग? तखमिना उतरला म्हणून ऐकलं. आता काय करणार हायेस?" जणू काही तो तखमिना हैदराबादहून कुणी तिऱ्हाईतानं केला होता. बायको चुलीपाशी होती. ती पुटपुटली, "आपणच डोकं फोडायचं, अन् आपणच हळद चेपायला यायचं." आतोबांनी ते ऐकलं आणि मुळीच मनावर घेतलं नाही. भाकरी मोडत मोडत ते मला शिकवू लागले, आणि मी कबूल करतो की इतक्या तळमळीनं तखमिन्याविरुद्ध भांडणारा वकील मी मुन्सिफाच्या कचेरीतही पाहिला नाही.

"आधी मला सांग, इसार देताना लिहून घेतलंस का, की तखमिना सौद्याच्या खाली आला तर इसार परत?"

"नाही."

"हे शिकलेले मास्तर! पहिली वाट तिथंच बंद केलीस. आता म्हातारीकडं जा. नऊशेचा आकडा तिच्या पुढं ठेव अन् म्हण, मावशी, दुसरा कुणी आला तरी पेढी त्यालाही एवढंच देणार. थोडं खाली या."

"ती ऐकणार नाही. तिच्या नवऱ्यानं स्वतः उभं केलेलं घर आहे."

"मग फरकाचं निम्मं तू टाक, निम्मं तिनं सोडावं. अन् तेही जमलं न्हाई तर फेर तखमिना माग. तुझा हक हाय तो. पण फेर तखमिना म्हणजे रडगाणं न्हाई. तखमिना करणाऱ्यानं काय पाहिलं न्हाई, ते दाखवावं लागतं."

"आतोबा, तखमिना करणारे तुम्हीच ना?"

"हाव. म्हणून तर सांगून राहिलो, तो लई हट्टी माणूस हाय. नात्यागोत्यानं एक पैसा वाढवणार न्हाई. काही सुटलं असलं तर दाखव."

"अन् काही सुटलंच नसेल तर?"

आतोबांनी घास खाली ठेवला. "मग सोडून दे बाबा. पाटल्या गेल्या तर पुन्हा होतील. नऊशेच्या घराला बाराशे मोजायला आणखी कर्ज उरावर घेतलंस तर जन्मभर त्याच्या खाली निजशील." हे मात्र त्यांनी हळू आवाजात सांगितलं, आणि माझ्याकडं न बघता चुलीकडं बघून सांगितलं. बायकोनं त्यांना न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

मी फेर तखमिना मागितला. काय दाखवायचं हे मला ठाऊक नव्हतं. कडुनिंबाची सावली दाखवावी इथवर माझी अक्कल पोचली होती. त्या दिवशी दोन गोष्टी निराळ्या झाल्या. शेरवानी धोब्याकडं गेली होती, म्हणून आतोबा धोतर आणि बंडीवर आले, वरून कुणाच्याही घरचे आजोबा. आणि घर बघायचं म्हणून आत्या बरोबर आली. आतोबा नेहमीच्या जागी, मागच्या भिंतीला डोकं लावून झोपले. इकडं आत्या आणि म्हातारी अंगणात बसल्या. आत्याचं माहेर नायगावाकडचं, म्हातारीचं थोडं शेत त्याच बाजूला. आतोबांचं घोरणं सुरू व्हायच्या आत दोघींचं कुठल्याशा चुलतसासूवरून नातंही निघालं.

आतोबा उठले, तोंड धुतलं आणि म्हणाले, "नऊशे."

बायको उंबऱ्यावर बसली होती, तिनं नुसती मान खाली घातली. म्हातारी चांगलीच दुखावली होती. पण घरी आलेल्या नात्यातल्या बाईला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं, हे तिच्यानं होईना. "थांबा जरा, जोंधळे देते. आमच्या शेतातले हायेत," असं म्हणून ती शिडीनं माळवदावर चढली. आम्ही खालून बघत होतो. तिनं गोवऱ्या बाजूला केल्या, खालची फरशी सरकवली आणि दोरीला बांधलेलं टोपलं आत सोडलं. टोपलं वर आलं ते टपोऱ्या जोंधळ्यानं भरून.

आतोबा कंबर विसरून शिडी चढले. वाकून आत बघितलं. मागच्या जाड भिंतीच्या पोटात अख्खं बळद होतं, धान्य साठवायचं बांधीव, कोरडं, खणभर लांबीचं बळद.

"हे कुठं होतं?" आतोबांनी विचारलं.

"तुमच्या उशाशी," म्हातारी म्हणाली.

"मग दाखवलं का न्हाई?"

"शेरवानीवाल्याला बळद दाखवू? लेव्हीवाले दर आठ दिवसाला येऊन सरकारात भरायला धान्य हुडकून राहिले. मला वाटलं तुम्ही तेच. घर घेणाऱ्याचं नाव करून आलात."

आत्या अशी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "अहो, शेरवानीनं घर खरं बोलतं म्हणे!" आतोबा माळवदावर उन्हात उभे होते. माणूस चुकला की कुठंतरी बोट दाखवतो, यांनी पेराचा घट्टा दाखवला. "भरलेलं बळद ठोकलं तर भिंतीसारखंच वाजतं," ते म्हणाले, "पण मी भिंत वजा केली होती. जी जमा करायची तीच वजा केली." मग खाली उतरून ते पुन्हा मधल्या खणात गेले, त्या भिंतीवर हात सपाट ठेवून बराच वेळ उभे राहिले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "अकराशे. याच्यावर एक पैसा न्हाई."

म्हातारी म्हणाली, "पण सौदा बाराशेचा हाय."

"वरचे शंभर तुमच्या मायेचे हायत, मावशी," आतोबा म्हणाले. "ते खरे हायत. पण त्याच्यावर पेढी कर्ज देत न्हाई, अन् या पोराजवळ ते न्हाईत."

म्हातारीनं खाली येऊन टोपल्यातले जोंधळे आत्याच्या पदरात घातले. मग माझ्या बायकोला म्हणाली, "मायेचे मी मागत न्हाई. पण पंचमीला मला माहेरपणाला बोलवत जा." सौदा अकराशेला पुरा झाला. पाळणा आमच्या आढ्याला लागला. म्हातारी जिवंत होती तोवर दर पंचमीला धर्माबादहून येई, आपण विकलेल्या घरात लेकीसारखी राही आणि निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून माझ्या पोरींना ओव्या शिकवी. त्या दिवसांत आत्याही हटकून राहायला येई. दोघी बळदाजवळ बसून आतोबांच्या शेरवानीला पुन्हा पुन्हा हसत, आणि आतोबा बाहेर ओट्यावर बसून काही ऐकू येत नसल्यासारखं करत.

पुढं निजामाचं राज्य गेलं, हाली रुपया गेला, शेरवानी कुणाला भिववीनाशी झाली. आत्या एका हिवाळ्यात थोड्याशा तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. आतोबांना मी आमच्याकडं घेऊन आलो. कुठं झोपता विचारलं तर त्यांनी मधल्या खणातली तीच जागा दाखवली. बळद आता रिकामं असे. धान्य दुकानातून पिशवीनं येई. ठोकलं तर मोकळा आवाज यायचा, पण आतोबांनी ठोकणं सोडलं होतं. आंबा दिला तर खात, आणि आंब्यातून काहीच वजा करत नसत. घरात सगळ्यांनाच त्याची भीती वाटू लागली.

एका दुपारी ते झोपून उठले. त्यांना थोडं हसवावं म्हणून मी जुन्या आवाजात विचारलं, "आतोबा, झोप झाली. आज तखमिना काय?"

त्यांनी खरंच डोळे बारीक केले. माळवदाकडं बघितलं, निंबाकडं बघितलं, मग मागच्या भिंतीवर हात सपाट ठेवला.

"घर लई चांगलं हाय," ते म्हणाले. लई चांगलं! हे शब्द मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. चुलीपाशी बायकोचा भाकरी थापणारा हात थांबला. आतोबा पुढं म्हणाले, "यातून फक्त तुझी आत्या वजा कर."

त्या दिवशी आकडा त्यांनी सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.